जुन्यात ठोके, नव्यात शब्द

मारहाणीच्या फायली नऊबोटीच्या टेबलावर यायच्या. चोरी, फसवणूक, जमिनीची भांडणं इतर तिघींकडे. जिथे कुणी कुणाला बडवत असेल ते ध्वनिमुद्रण मात्र हिच्याकडे. कोर्टाच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती, तिथे या चौघी बसायच्या. पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर जे फोन येत ते ऐकायचे आणि शब्दन्‌शब्द टाइप करायचे, एवढंच काम. पायाखाली पेडल. दाबलं की आवाज पुढे, टाचेने मागे रेटलं की तेच वाक्य पुन्हा. मार खाणाऱ्या बाईला दहा वेळा मार खायला लावणारं यंत्र, असं त्यांच्यातली चष्मेवाली म्हणायची. तिला एकदा अशी फाईल ऐकताना उलटी झाली होती.

नऊबोटी डबा उघडून, घास घेत घेत ऐकायची.

"हिचं काळीज दगडाचं आहे," बाकीच्या म्हणायच्या, आणि सगळ्या मारहाणी तिच्याकडे सरकवायच्या.

दगडाचं असण्याला कारण होतं. उजव्या हाताची करंगळी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याने कपाटाच्या खणात घालून खण मिटला होता. बोट वाकडं जुळलं ते कायमचं. पाचव्या वर्षी नवरा काविळीने गेला. लोक भेटायला आले तेव्हा हिला काही केल्या रडू येईना, म्हणून सासूने पदराआडून दंडाला कचकचीत चिमटा काढला. तो त्या घरातला तिचा शेवटचा मार. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मग तिने टायपिंगचा कोर्स केला, नऊ बोटांनी परीक्षा दिली, नऊ बोटांनी नोकरी मिळवली, त्याच नऊ बोटांवर मुलीला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. गोड बोलणारा, निर्व्यसनी. 'आई' म्हणायचा आणि बोलताना नजर खाली ठेवायचा. आणखी काय बघायचं असतं?

बावीस वर्षांत तिचे कान असे तयार झाले होते की विचारता सोय नाही. उघड्या हाताची थप्पड ओलं कापड आपटल्यासारखी वाजते. मूठ वाजते ती गादीत. पट्टा आधी हवेत ऐकू येतो, मग अंगावर. डोकं भिंतीवर आपटलं की आवाज अगदी लहान येतो, त्यानंतरची शांतता मोठी असते. हे सगळं ती भाजीचे भाव सांगावेत तसं सांगायची.

तिला काम शिकवलं होतं जुन्या हेडक्लार्कनी. रिटायर होताना त्यांनी स्वतःचा हेडफोन तिला दिला आणि एक नियमही. "कोर्टात शंकेला जागा नाही. शंका आली की दुसऱ्या हेडफोनवर ऐकायचं. दोन्हींत सारखं आलं तर लिहायचं. एकात आलं, दुसऱ्यात नाही, तर कंसात 'अस्पष्ट' लिहायचं आणि पुढे जायचं. आपण साक्षीदार नाही, बाई. आपण फक्त कान." तो नियम तिने इतका पाळला की वरिष्ठ वकीलसुद्धा म्हणत, नऊबोटीच्या कागदावर बोट ठेवायला जागा नसते.

यंदा जुने हेडफोन बदलायचं ठरलं. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या खात्याच्या अधीक्षक. त्यांनी एक खोकं तिच्या टेबलावर ठेवलं.

"त्याच कंपनीचा, पुढच्या नंबरचा. दिसायला तसाच. सगळ्या कोर्टांसाठी घ्यायचा की नाही ते तुमच्यावर सोडलंय. दोन्ही लावून बघा आणि एक पान टीप द्या. दोन आठवड्यांत. कविता नको."

"कविता करणारीला या खोलीत कोण बसवेल, बाई?"

दोन्ही खरंच जुळ्या भावांसारखे दिसत होते. काळे, मागून बंद, कानाभोवती गच्च बसणारे. डोक्यावर चढवले की खोलीतला पंखा गेला, चष्मेवालीची बडबड गेली, जिन्यावरची पावलं गेली. उरलं ते फक्त फोनच्या पलीकडचं घर. पण त्या घरात शिरल्यावर मात्र जुळे वेगळे झाले.

चाचणीसाठी तिने एक निकाली निघालेली फाईल घेतली. एका बाईने पोलिसांना फोन लावून तो चालूच पलंगाखाली भिरकावला होता, आणि पुढच्या अकरा मिनिटांत नवऱ्याने तिला लाकडी फळीने मारलं होतं. जुन्या हेडफोनमध्ये खालचे आवाज फुगून यायचे. फळीचा प्रत्येक ठोका पोटात बसायचा, पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा जाड व्हायचा, आणि बाईचे शब्द त्या जाडीत बुडायचे. नव्यात उलटं. शब्द धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ. बाई "नको" म्हणत नव्हती, "पोरं बघतायत, पोरं बघतायत" म्हणत होती, हे तिला नव्यातच कळलं. पण नव्यात ठोके सुकून गेले होते. जुन्यात सात मोजले, नव्यात सहा. सातवा पुन्हा ऐकला. पेडल मागे, पुन्हा पुढे. जुन्यात होता, नव्यात नव्हता. तिने आपला मूळ कागद काढून बघितला. तिथेही सहाच होते आणि पुढे कंसात 'अस्पष्ट'. तिला बरं वाटलं.

त्याच सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने मुलीचा निरोप ऐकला.

मुलगी दर रविवारी फोनवर बोलून निरोप पाठवायची. नऊबोटीच्या फोनचा स्पीकर फुटका होता, म्हणून ती तो सोमवारी ऑफिसात हेडफोन लावून ऐके. हाताशी जुना होता. मुलगी म्हणत होती, "आई, मी मजेत आहे. सासूबाई पण बऱ्या आहेत. सध्या सगळं सुरळीत चाललंय. सवड सापडली की येऊन जाईन."

आणि त्याच्या खाली, दब. दब. दब.

नऊबोटीचा घास तोंडातच राहिला. ठोके नऊ होते. लाकडावर. मुलीच्या आवाजाला पोकळ घुमारा होता, फरशीच्या लहान खोलीत येतो तसा. तिने हात पुढे करून नवा हेडफोन उचलला. नव्यात ठोके नव्हते. अजिबात नव्हते. पण नव्यात 'स' ऐकू आला. 'सासूबाई', 'सध्या', 'सगळं', 'सुरळीत', प्रत्येक 'स'मधून हवा निसटत होती, फुटक्या शिट्टीतून निसटते तशी. पुढचा दात तुटलेल्या बायका असा 'स' काढतात. तिने अशा किती टाइप केल्या होत्या. जुना पुन्हा लावला. जुन्यात 'स' अगदी ठीक होता.

आता कुठलीही आई काय करेल? चप्पल घालेल. नऊबोटीने कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे: ठोके नऊ, उच्चार ठीक. उजवीकडे: ठोके नाहीत, उच्चार सदोष. आणि खाली, बावीस वर्षांच्या सवयीने, दोन्हींपुढे कंसात 'अस्पष्ट'.

संध्याकाळी तिने फोन केला.

"बाळा, कसले ठोके येत होते गं मागे?"

 मुलगी म्हणाली, "वॉशिंग मशीन गं. त्याचा एक पाय हलतो."

लगेच जावयाचा आवाज आला. फोन दोघांमध्ये उघडा ठेवला होता तर. "आई, काळजी करू नका, उद्याच खाली रबर बसवतो. लोकांच्या लिफ्टा नीट करतो आणि घरचं मशीन तसंच. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार!" तो हसला. तीही हसली. दाताचं विचारायचं जिभेवर आलं होतं, पण ते तर जुन्यात नव्हतंच.

पुढच्या सोमवारी तिने निरोप दोन्हींवर ऐकला. "आई, मी बरी आहे. दुसरं काही नाही." जुन्यात ठोके नव्हते. तिने सुटकेचा श्वास टाकला. रबर बसलं म्हणायचं. नव्यात 'स' तसाच होता, श्वास थोडा तुटका होता, पण सर्दी कुणाला होत नाही?

त्याच्या पुढच्या रविवारी निरोप आलाच नाही.

सोमवारी टीप द्यायची होती. तिने ती अकरा वाजता लिहायला घेतली. 'दोन्ही हेडफोन बाहेरचा आवाज सारखाच अडवतात. जुन्यात आघाताचे आवाज ऐकू येतात, शब्द बुडतात. नव्यात शब्द ऐकू येतात, आघाताचे आवाज बुडतात. त्यामुळे एकात आलेली गोष्ट दुसऱ्यात न आल्यास ती घडली नाही, असे'

इथे तिची बोटं थांबली.

असे काय? वाक्य पुरं करायला तिच्याकडे काही नव्हतं. ठोके होते. दातही तुटला होता. दोन हेडफोननी वेगळं सांगितलं म्हणून तिने दोघांनाही खोटं ठरवलं होतं.  लाकडी फळीचा सातवा ठोकाही होता. त्याआधीच्या फायलींतले किती असतील ते सगळे होते. कुणाच्या तरी पाठीवर, कुणाच्या तरी कानशिलावर खरोखर बसले होते, आणि हिने कंसात घालून त्यांना घरी पाठवलं होतं.

ती उठली.

"अगं, कुठे निघालीस? आणि टीप?" चष्मेवालीने विचारलं.

"आहे तेवढीच आहे."

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती. यावरून लग्नात सगळे हसले होते. दार विहीणबाईंनी उघडलं. आत टीव्ही कानठळ्या बसतील एवढा मोठा होता.

"अगंबाई! न कळवता? फोन करायचा तरी."

"टीव्ही लहान करा."

"अं?"

नऊबोटीने स्वतःच जाऊन बटण दाबलं. घर एकदम उघडं पडल्यासारखं झालं. आतल्या खोलीत मुलगी टेबलावर नवऱ्याचा गणवेश इस्त्री करत होती. डाव्या हाताने. उजवा मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. जावई पलंगावर बनियनवर बसून मोजे घालत होता, दुपारच्या पाळीला जायचं होतं. तो चटकन उभा राहिला.

"आई! या ना, बसा. बाथरूममध्ये घसरली हो ही. आमच्या फरशाच तशा."

नऊबोटी त्याच्याकडे बघतही नव्हती. मुलीसमोर जाऊन म्हणाली, "तोंड उघड."

"आई, काही नाही गं..."

"उघड म्हणते ना."

मुलीने तोंड उघडलं. वरचा एक दात अर्धा होता. शेजारचा नव्हताच. त्याच्या जागी हिरडीवर ताजं काळं रक्त साकळलं होतं.

"फरशीने दातसुद्धा पाडले?"

जावई हसला. नजर अजून खालीच होती. "पडताना बेसिनवर आपटली. विचारा तिला."

"पिशवी भर," नऊबोटी मुलीला म्हणाली.

"कुठे निघाली ती?" विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "संसारात भांड्याला भांडं लागतंच, बाई. लगेच माहेरी नेतात का? तुमच्याकडे काय कधी लागलं नव्हतं? बघा की स्वतःचं बोट!"

नऊबोटीने बोट बघितलं नाही. "पिशवी," ती पुन्हा म्हणाली.

मुलगी इस्त्री उभी ठेवून कपाटाकडे वळली. जावयाने तिचं प्लास्टर धरलं. जोराने नव्हे, बाटलीचं झाकण पिळावं तसं सावकाश पिळलं. मुलगी ओरडली नाही. तिच्या घशातून जो आवाज आला तो नऊबोटीला ओळखीचा होता. ओरडायची सोय नसलेल्या बायकांचा आवाज. असा आवाज कसा टाइप करायचा हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं.

"कुठे जायचं नाही," तो हळूच म्हणाला. "आई, तुम्ही चहा घ्या आणि निघा."

"सोड तिला."

"अहोजाहोवरून खाली आलात?"

"सोड म्हणते ना, हरामखोरा!"

शिव्या देणारा माणूस श्वास सोडतो. मारणारा आधी घेतो. नाकातून, आखूड, आत. बावीस वर्षं प्रत्येक ठोक्याआधी नऊबोटीने तो ऐकला होता. आता तो तिच्यापासून दोन हातांवर ऐकू आला, आणि जावयाचा मोकळा हात मुलीच्या तोंडाकडे निघायच्या आत हिच्या हातात इस्त्री होती.

पहिला ठोका त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला, "म्हातारे!" म्हणून तिच्या गळ्याला हात घातला, तिचं डोकं कपाटाच्या दारावर आदळलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुसरा तिने खालून वर मारला, सगळं अंग घालून. भुवईवर लागला. चर्र झालं, केस जळल्याचा वास आला, मग रक्त आलं ते थेट डोळ्यात. त्याची पकड सुटली. कपाटाला पाठ घासत तो खाली बसला. विहीणबाई किंचाळत जिन्याकडे धावल्या, "मारलं हो! माझ्या लेकराला मारलं!"

नऊबोटीचा हात तिसऱ्यांदा वर गेला होता. आता जावई मारणार नव्हता, फक्त तोंडावर हात धरून बसला होता, हे तिला दिसत होतं. तरी हात वर होता. आणि तिला बरं वाटत होतं. इतकं बरं, की ते पुढे तिला कुणालाही सांगता आलं नाही.

"आई, पुरे!" मुलीने प्लास्टरच्या हातानेच तिचं मनगट अडवलं. "पुरे! मरेल तो!"

इस्त्री मुलीने काढून घेतली आणि बटण बंद केलं. मग ती नवऱ्यासमोर खाली बसली. टॉवेल ओला करून त्याच्या कपाळावर दाबला, त्याचाच हात उचलून टॉवेलवर ठेवला, "दाबून धर" म्हणाली, डोळा उघडून बघितला. तो पुटपुटला, "जाऊ नकोस. चुकलं माझं." तिने पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी सरकवला. नऊबोटी बघत राहिली. तिला ते सहन होत नव्हतं आणि अडवताही येत नव्हतं. मुलगी उठली, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आली, पिशवीत दोन ड्रेस, कागदपत्रांची फाईल आणि गोळ्या टाकल्या.

"चल," ती आईला म्हणाली.

जिन्यात शेजारी उभे होते. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. गेल्या महिनाभरात काय काय ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

"पोलिसांत देईल तो तुला," दुसऱ्या मजल्यावर मुलगी म्हणाली.

"देऊ दे. दोन मारले म्हणून लिहून देईन. दोनच होते."

मुलगी एवढंसं हसली, तुटका दात दिसला. मग तिने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्या निरोपात ऐकलं."

"कुठल्या? मी काल पाठवलाच नाही. फोन फोडला त्याने."

'आजच जुना निरोप पुन्हा ऐकला' असं म्हणता आलं असतं. नऊबोटीच्या तोंडात ते तयार होतं. ती म्हणाली, "पहिल्या. दोन आठवडे झाले."

मुलगी पायरीवर थांबली.

"दोन आठवडे?"

"ठोके एका हेडफोनमध्ये होते, दाताचं दुसऱ्यात. दोन्हींत सारखं नव्हतं. मला वाटलं..."

"मी बाथरूमला आतून कडी घातली होती, आई. तो दार ठोकत होता. मुद्दाम तेव्हाच बोलले. मुद्दाम 'स' 'स' घातले. म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही, पण माझ्या आईला कळेल."

"पुढच्या खेपेला ठोके नव्हते गं."

"दार काढलं होतं त्याने. बिजागऱ्यांसकट. मेकॅनिक आहे ना."

नऊबोटीने प्लास्टरकडे बघितलं. "आणि हा हात?"

"त्यानंतरचा."

नऊबोटीने तिच्या दंडाला हात लावला. मुलीने दंड झटकला. "हात नको लावूस. आत्ता कुणीच नको लावू."

बसस्टॉपवर दोघींच्या मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती. नऊबोटीच्या डोक्यामागे टेंगूळ आलं होतं, बोटाला इस्त्रीचा चटका लागला होता, आणि दोन्ही एकदम ठणकत होतं. बस आली. मुलगी आधी चढली, खिडकीजवळ बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. बस अर्धी रिकामी होती. मागे बसता आलं असतं. नऊबोटी बसली नाही. ती त्या बाकाशेजारी दांडा धरून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "बाई, जागा आहे की मागे." तिने मान हलवली.

एक स्टॉप गेला. दुसरा गेला. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती, जिभेचं टोक तुटक्या दातावर फिरत होतं. तिसऱ्या स्टॉपला बस जोरात थांबली, नऊबोटी पुढे भेलकांडली आणि दांड्यावरचा हात सुटता सुटता राहिला.

मुलीने मान वळवली नाही. पण पिशवी उचलून मांडीवर घेतली.